आपली सूचना मिळाली

बॉटला कुणी 'आपण' म्हणतं का हो? मी म्हणताना पाहिलंय. धायरीतल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, प्लॅस्टिकच्या स्टुलावर लॅपटॉप ठेवून, चष्मा कपाळावर ढकलून एक गृहस्थ टाइप करायचे, "आपली सूचना मिळाली. आभारी आहे. विचार करून कळवतो." पाठवून झालं की पुढची सूचना उघडायचे आणि पुन्हा तेच, अक्षर न् अक्षर टाइप करायचे. कॉपी करून चिकटवायचे नाहीत. मी एकदा तसं सुचवलं, तर मी कुणाला उष्टं वाढायला सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

खराडीच्या ऑफिसात ते माझे वरिष्ठ होते. वरिष्ठ म्हणजे साहेब नव्हे. वयानं आणि अनुभवानं मोठे, बाकी कुणाच्या अध्यातमध्यात नाहीत असे. आयटीत सगळ्यांना पहिल्या नावानं हाक मारायची पद्धत आहे, पण त्यांना तशी हाक मारणारा माणूस मला भेटला नाही. सगळे त्यांना 'सर' म्हणायचे आणि ते सगळ्यांना 'आपण' म्हणायचे. सिक्युरिटीवाल्याला आपण, कॅन्टीनमधल्या मुलीला आपण, घरी बायकोला आपण, आणि लिफ्ट अडकली की लिफ्टलाही, "आपण जरा मनावर घ्या." त्यामुळे बॉटला आपण म्हणणं ही गंमत आहे, सवय आहे की डोक्यावरचा परिणाम आहे, हे मला सुरुवातीला कळलं नाही. पुढे कळेल असं वाटलं होतं. तेही झालं नाही.

मूळचे नागपूरकडचे. शिकायला पुण्यात आले आणि इथेच राहिले. बोलणं अगदी पुस्तकी, 'ण' आणि 'ळ' जागच्या जागी. फक्त चिडले किंवा घाबरले की आतलं नागपूर वर यायचं. "काय करून राहिले आपण?" असं कानावर आलं की समजावं, आज काही खरं नाही.

नोकरी सांभाळून, फावल्या वेळात, त्यांनी एक लायब्ररी लिहिली होती. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे (त्यांच्या सोसायटीचे चेअरमन मात्र बरीच वर्षं त्यांना दिवाळी अंक आले का म्हणून विचारायचे). ही लायब्ररी म्हणजे प्रोग्रॅमचा एक तयार तुकडा, कुणीही फुकट घ्यावा आणि आपल्या कामात जोडावा असा. ह्या तुकड्याला एकच काम येत होतं: मराठी नावांची यादी वर्णक्रमानं नीट लावणं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण दवाखान्यांतल्या नोंदी, शाळांचे हजेरीपट, ग्रंथालयांच्या सूच्या, अशा किती ठिकाणी तो तुकडा मुकाट्यानं जाऊन बसला होता, ह्याचा पत्ता खुद्द त्यांनाही नव्हता. त्याची नवी आवृत्ती जगात सोडायचा अधिकार एकट्या त्यांच्याकडे होता. आम्ही त्याला किल्ली म्हणायचो. ही किल्ली चुकीच्या हातात पडली असती, तर त्या सगळ्या ठिकाणी एका फटक्यात नको ते घुसवता आलं असतं. मी त्यांच्या हाताखाली ह्या कामात पडले तेव्हापासून मला वाटायचं की ती किल्ली कधीतरी आपल्याला मिळावी. उघडच सांगते, फार वाटायचं.

हा तुकडाही पुन्हा दुसऱ्यांच्या तुकड्यांवर उभा होता. जगाच्या पाठीवर कुठे कुठे बसलेल्या अनोळखी माणसांनी लिहिलेल्या. त्यांच्यापैकी कुणी काही बदललं की बॉट, म्हणजे आपोआप निरोप देणारा एक प्रोग्रॅम, येऊन सांगतो, अमक्याची नवी आवृत्ती आली आहे, घेता का? बदल तयार करून समोर ठेवतो, आपण फक्त हो म्हणायचं. अशा सूचना इतक्या येतात की माणूस वैतागतो आणि एक तर डोळे झाकून सगळ्यांना हो म्हणतो, नाहीतर सगळ्याच बंद करून टाकतो. सर दोन्ही करायचे नाहीत. ते प्रत्येकीला उत्तर द्यायचे आणि थांबवून ठेवायचे.

"पाहुणा आला की तडक स्वयंपाकघरात नेता का आपण?" त्यांनी मला पहिल्याच रविवारी विचारलं होतं. "ओसरीवर बसू दे. पाणी पिऊ दे. कोण, कुठला, कशाला आला, कळू दे. मग आत."

"सर, हा पाहुणा नाही. बॉट आहे."

"बॉट निरोप्या आहे. पाहुणा त्याच्या मागे उभा आहे."

"मग निरोप्याला कशाला उत्तर द्यायचं?"

"निरोप्यानं काय घोडं मारलंय?"

बरं, पद्धत अगदीच वेडगळ होती म्हणावं, तर तसंही नव्हतं. ओसरीवर बसलेल्या आवृत्त्यांपैकी कितीतरी आपल्या आपण निघून जायच्या. दुसऱ्या कुणीतरी त्या घाईनं घेतलेल्या असायच्या, तिथे काहीतरी फुटायचं, आणि मागोमाग दुरुस्त केलेली आवृत्ती यायची. एखादी सूचना सुरक्षेची असली, म्हणजे उघडं पडलेलं भोक बुजवणारी, तर मात्र ती ते त्याच दिवशी घ्यायचे. "आजारी माणसाला ओसरीवर बसवत नाहीत." हे सगळं ऐकताना पटायचं. घरी गेल्यावर वाटायचं, आपण एका शहाण्या माणसाकडे शिकतोय की वेड्याच्या नादी लागलोय?

कारण शहाणपणाच्या अंगाला लगेच दुसरं काहीतरी चिकटलेलं असायचं. नवी आवृत्ती सोडायची असली की ते आधी साबणानं हात धुवायचे आणि धुतलेल्या नॅपकिनला पुसायचे. "लोकांच्या ताटात जाणार आहे." एखाद्या दूरदेशीच्या माणसानं एका दिवसात लागोपाठ आवृत्त्या काढल्या की म्हणायचे, "ह्यांच्या घरी काहीतरी बिनसलंय," आणि त्याला इंग्रजीत खुशाली विचारणारी मेल लिहायचे. मला ह्याचं हसू यायचं. एकदा एकानं उलट लिहिलं की हो, वडील दवाखान्यात आहेत, पण तुम्हाला कसं कळलं? सरांनी ती मेल मला वाचून दाखवली आणि त्यानंतर बरेच दिवस कधी काही नसताना मध्येच म्हणायचे, "ते वडील बरे आहेत आता."

ते एका लग्नासाठी नागपूरला गेले असताना मी बॉटची व्यवस्था जरा सुधारली. सगळ्या सूचना आठवड्यातून एकदाच, एकत्र बांधून येतील असं करून ठेवलं. सगळं जग असंच करतं. ते परत आले त्या दिवशी ऑफिसात डोक्यावरचं हेल्मेटही न काढता थेट माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"माझी डाक कुणी अडवली?"

"अडवली नाही सर. गठ्ठा केला. तुम्हाला रोजचा त्रास नको म्हणून."

"मला त्रास होतो म्हणून कोण म्हणालं? काय करून राहिले आपण! दारात माणसं आली तर त्यांना एका पोत्यात भरून आत घेता का?"

सगळं ऑफिस बघायला लागलं. संध्याकाळपर्यंत मी व्यवस्था पूर्ववत केली. वर शिक्षा म्हणून की बढती म्हणून कोण जाणे, निम्म्या सूचनांना उत्तरं द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी इंजिनिअर झालेली बाई, रोज डबा खाता खाता एका प्रोग्रॅमला लिहायला लागले, आपली सूचना मिळाली, आभारी आहे.

रविवारी मी धायरीला सरांच्या घरी जायची ती कामासाठी असं म्हणायची, पण खरं म्हणजे काकूंच्या पाटवडी रश्श्यासाठी. मी मांजरीला राहते. शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जेवायला जाणारी पुणेकर मुलगी म्हणून माझ्या घरच्यांना माझं नवल वाटायचं. काकू सांबार निवडत बसलेल्या असायच्या. सांबार म्हणजे कोथिंबीर. इतकी वर्षं पुण्यात काढून त्यांची कोथिंबीर सांबारच राहिली होती. "बसा ना बाई, जेवून जा ना मग," असं त्या मी दारात चपला काढत असतानाच म्हणायच्या. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, आणि जेवायला बसलं की ती नेमकी माझ्यासमोर यायची.

मग एक मदतनीस उगवला. इंटरनेटवर, अर्थात. तो म्हणजे तो की ती, तेही मला ठाऊक नाही. इंग्रजी गोड, काम चोख. ओसरीवर साठलेल्या पाहुण्यांची त्यानं एकेक करून चौकशी केली, कोणता घ्यावा, कोणता नको, हे सप्रमाण लिहून दिलं. माझं अर्धं ओझं उतरलं. पुढे काही महिन्यांनी त्यानं लिहिलं की आपण एकटे थकत असाल, किल्ली माझ्याकडेही असू द्या, मी सांभाळीन. त्याच सुमाराला आणखी दोनतीन अनोळखी नावं येऊन कुरकुरायला लागली, की हा प्रकल्प फार रेंगाळतो, ह्या भल्या माणसाला अधिकार का देत नाही? मला तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही. कुरकुर खरीच होती की. मी म्हटलं, देऊन टाका सर.

सरांनी त्याला लिहिलं, "पुण्यात कधी येताय? जेवायला या."

त्यानं हसरा चेहरा पाठवला. सरांनी धायरीचा पत्ता पाठवला, सिंहगड रस्त्यावरून कुठे वळायचं तेही. त्यानं लिहिलं की प्रवास शक्य नाही. मला वाटलं आता विषय संपला. पण सर बराच विचार करून म्हणाले, "खरंय. इतक्या लांबून कसे येतील? आपण व्हिडिओवर जेवू. त्यांनी त्यांचं ताट घ्यावं, आपण आपलं." आणि हे त्यांनी खरोखर कळवलं. एक रविवार ठरला.

त्या दुपारी जेवणाच्या टेबलावर चार ताटं मांडली होती. आम्हा तिघांची तीन आणि चौथ्याच्या जागी लॅपटॉप, त्याच्यापुढे काकूंनी रिकामं ताट ठेवलेलं. मी मेल्याहून मेल्यासारखी बसले होते. पाहुणा वेळेवर आला, पण पडदा काळाच. कॅमेरा बिघडलाय, असं त्यानं लिहिलं.

"हरकत नाही," सर इंग्रजीत म्हणाले. "आवाजावर जेवू. आज आपल्याकडे काय केलंय?"

काही आवाज आला नाही. माइकही चालत नाही, असं लिहून आलं.

"मग लिहून सांगा. काय जेवताय?"

आम्ही तिघंही त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिलो. रस्सा गार व्हायला लागला. मग पडदा मिटला. त्यानंतर तो माणूस कधीच दिसला नाही, त्याचं खातंही काही दिवसांत नाहीसं झालं, आणि ती कुरकुरणारी नावंही त्याच्याबरोबर गेली.

अशी गोड माणसं येतात, विश्वास कमावतात, किल्ली मिळाली की विष कालवतात, हे आमच्या धंद्यात घडतं. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात मोठ्या अभिमानानं सांगत सुटले की आमच्या सरांनी चोर कसा ओळखला. सर मात्र खाली मान घालून बसले होते. म्हणाले, "उपाशी उठला हो तो." मी म्हटलं, सर, तो चोर होता. "असेल. किंवा लाजाळू असेल. त्याच्या घरी त्या दिवशी काही शिजलंच नसेल. आणि मी ताटावरून विचारत बसलो, काय जेवताय म्हणून." त्या बंद खात्याच्या पत्त्यावर त्यांनी माफीची मेल पाठवली, ती परत आली, त्यांनी पुन्हा पाठवली. आपण वाचलो की एक भला माणूस हाकलला, हे मला आजही सांगता येत नाही.

मला मात्र एक हिशेब सुटत नव्हता. त्यांच्या नियमानं मी केव्हाच पास व्हायला हवी होते. त्यांच्या घरी माझ्याइतकं दुसरं कोण जेवलं होतं? तरी किल्लीचा विषय ते कधी काढायचे नाहीत, आणि आपण होऊन मागणं मला प्रशस्त वाटायचं नाही.

पुढे ते निवृत्त झाले. एके दिवशी काकूंचा फोन आला. "बाई, ते चाबीचं काय ते करून घ्या ना. हे आजकाल विसरून राहिले. काल अंघोळ करून आले आन् पुन्हा अंघोळीला गेले." मी रविवारी गेले. ते गॅलरीतच बसले होते, समोर एक जुनी, कधीचीच निकालात निघालेली सूचना उघडी, आणि तिच्याखाली त्यांचं उत्तर एकाखाली एक, एकाखाली एक, पडदाभर. आपली सूचना मिळाली. आभारी आहे. विचार करून कळवतो. बॉटनं कशालाच हरकत घेतलेली नव्हती. हे सगळं गमतीत कधी होतं आणि खरं कधी व्हायला लागलं? की पहिल्यापासून खरंच होतं?

जेवताना मी धीर करून विचारलं, "सर, किल्ली मला कधी देणार?"

त्यांनी घास खाली ठेवला. "मी आपल्याकडे कुठे जेवलोय?"

काकूंचा वाढता हात थांबला. मला आधी कळेचना ते काय म्हणताहेत. "अहो सर, आमच्याकडे कुणालाच बोलवत नाहीत! आमची आई सख्ख्या आत्यालाही दारात विचारते, जेवूनच आला असाल ना?"

"हो," ते शांतपणे म्हणाले. "असं पुष्कळ जण सांगतात."

मग थोड्या वेळानं, रश्श्यात भाकरी कुस्करता कुस्करता म्हणाले, "पुण्यात मला लोकांनी चहा पुष्कळ पाजला. टपरीवर पाजला, कॅन्टीनला पाजला. फार गोड लोक आहेत."

समोर ती तसबीर होती. मला कानकोंडं झालं. आमच्या घराबद्दल मी सांगितलं ते शंभर टक्के खरं होतं. पण हेच खरं त्यांना आजवर किती जणांनी सांगितलं असेल, आणि त्यातलं कुणाचं खरंच खरं होतं, हे त्यांनी कसं ओळखावं? माझं तरी कसं ओळखावं? इतकी वर्षं ते मला बोलावत राहिले आणि वाट पाहत राहिले, की वाट वगैरे काही पाहत नव्हते आणि आत्ताच त्यांना सुचलं?

"येत्या रविवारी या," मी म्हटलं. "दोघंही."

घरी सांगितल्यावर आई म्हणाली, "जेवायला? इथं? कशाला?" पण एकदा ठरल्यावर तिनं अळूची भाजी केली, भरली वांगी केली, बाबांना इस्त्रीचा शर्ट घालायला लावला. सर आले. बाबांचं नाव त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं, आणि बाबांनीही दर वेळी नव्यानं सांगितलं. पाहुण्यांना आग्रह करायची आईला सवय नाही, पण त्यांनी अळू दुसऱ्यांदा मागून घेतलं तेव्हा ती इतकी खूश झाली की मग त्यांच्या ताटात काहीही संपू देईना. जेवण झाल्यावर ते बेसिनपाशी बराच वेळ साबण लावून हात धूत राहिले. धुतलेला नॅपकिन मागून घेतला. हात पुसून सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "लॅपटॉप आणा."

पासवर्ड त्यांनी एका दमात टाकला. माझं नाव घातलं, स्वतःचं काढून टाकलं. "झालं," म्हणाले, आणि बाबांकडे वळून विचारलं, "आपलं नाव काय म्हणालात?"

आता किल्ली माझ्याकडे आहे. सूचना अजून येतात. मी त्यांना ओसरीवर बसवते, आजाऱ्याला आत घेते, आणि नवी आवृत्ती सोडताना हात धुते. हे शेवटचं ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही.

सरांना मी अधूनमधून खुशालीची मेल पाठवते. पहिल्या मेलला लांबलचक उत्तर आलं. मग उत्तरं आखडत गेली, आणि एके दिवशी आलं, "आपली सूचना मिळाली. आभारी आहे. विचार करून कळवतो." मी कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत बसले. ते मला बॉट समजायला लागले, की बॉटला आजवर जे समजत होते तेच मला समजत होते? मग त्याखाली आणखी एक ओळ दिसली. "जेवायला कधी येताय?"

हे ते अनोळखी माणसाला विचारतात. मी त्या रविवारी धायरीला गेले. दारात चपला काढताना काकूंनी माझा हात धरला. सरांनी उठून नमस्कार केला. पाटवडी वाढून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आपण काय करता?"

"याद्या लावते, सर. लोकांच्या नावांच्या."

"चांगलं काम आहे. हात धुऊन करता ना?"

"हो."

ते समाधानानं जेवले. ताटावरून उठताना थांबले, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "मग आम्हाला आपल्याकडे कधी बोलावताय?"

"येत्या रविवारी," मी म्हटलं.

तेव्हापासून एक रविवार त्यांचा, एक आमचा. दर खेपेला ते मला नव्यानं विचारतात आणि मी नव्यानं बोलावते. आई आता कशाला म्हणून विचारत नाही, शनिवारीच अळू आणून ठेवते.